छर्ऱ्याच्या पुढं पळणारी लाईट

पडेगावच्या आमच्या गल्लीत जुनी गाडी घ्यायची म्हणजे आधी राजेंद्र, मग कागदपत्रं. विकणाऱ्यानं गाडी लिंबाखाली उभी करायची. राजेंद्रनं घरच्याच कपड्यांवर बाहेर यायचं, चहाला नाही म्हणायचं, पत्र्याला गाल लावल्यासारखं वाकून तिरकं बघायचं. मग पोतं मागायचं. पोतं अंथरून, हातात बॅटरी घेऊन तो गाडीखाली उताणा सरकायचा आणि बाहेर आला की कपडे झटकत दोनपैकी एक वाक्य बोलायचा. "घ्या," किंवा "मार खाल्लेली आहे." तिसरं वाक्य त्याच्याकडं नव्हतं. विकणारा आईची, पोराची, जी हाताशी असेल ती शपथ घ्यायचा. राजेंद्र शांतपणे विचारायचा, "मग डाव्या दाराला दोनदा रंग का मारलाय?" तिथं शपथ संपायची.

वाळूजच्या एका कारखान्यात रंगखात्यात तो तपासणीला होता. तिथं ट्यूबलाईटींचा एक लांब बोगदा आहे. नव्या रंगवलेल्या गाड्या त्यातून सावकाश सरकत जातात आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं रंगातला मोहरीएवढा फोडसुद्धा शोधून त्याभोवती मेणाच्या पेन्सिलीनं गोल काढतात. राजेंद्रची नोकरी त्या बोगद्यातच पिकली होती. गल्लीनं त्याला 'नजरसाहेब' नाव दिलं. आमची गल्ली कुणाला काही फुकट देत नाही. नाव दिलं आणि त्याच्या बदल्यात साडीतला तुटका धागा, फरशीतली भेग, सोनाराकडच्या पाटल्यांचा डाग, सगळं त्याच्याकडून तपासून घेतलं. त्यालाही हा सौदा आवडत होता. दारात कुणी आलं की तो मुद्दाम थोडा वेळ लावून बाहेर यायचा.

ती नजर जात होती. आम्हाला हे सगळं होऊन गेल्यावर कळलं, पण सांगणाऱ्यानं मागाहून पत्ते उघडण्यात काय मोठेपणा? तर ऐका. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो जालन्याला जाऊन डोळे दाखवून आला होता. बायकोला, सुलेखाला, कंपनीचं ट्रेनिंग सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. कडा गेल्या आहेत, मधलं राहिलंय. गेलेलं परत येणार नाही, थेंब टाकून राहिलेलं सांभाळा. अंधारात जपा.

मधलं राहिलंय, एवढंच त्यानं घरी आणलं.

खरं तर ते सांगून टाकलं असतं तर कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलं असतं. पगार तोच, खुर्ची उलट बरी. पण मग लिंबाखाली कोण उभं राहणार? गाडी आली की गल्ली कुणाकडं बघणार? राजेंद्रला नोकरी जाण्याची भीती नव्हती, नाव जाण्याची होती. कंपनीच्या वार्षिक तपासणीत भिंतीवरची अक्षरं त्यानं खालच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली, कारण अक्षरं मधेच असतात. बोगद्यात हाताखालचे लोक गोल काढायचे आणि तो मागून "हं" म्हणायचा. ज्येष्ठ माणसाच्या 'हं'ची कुणी फेरतपासणी करत नाही.

स्वतःची परीक्षा मात्र तो रोज घ्यायचा. त्यासाठी घरात मशीन होतं.

पिनबॉलचं मशीन. छावणीतल्या एका जुन्या क्लबानं भंगारात काढलेलं. गल्लीत सगळे त्याला छर्ऱ्याचं मशीन म्हणायचे. काचेखाली उतरती फळी, फळीवर टोले देणाऱ्या टोप्या, आडवेतिडवे रस्ते, खाली बोटांनी उडवायची दोन पाती, आणि दट्ट्या ओढून सोडला की वर जाऊन घरंगळत खाली येणारा पोलादी छर्रा. पात्यानं तो पुन्हा वर मारायचा, दोन पात्यांमधून निसटला की डाव गेला. मागच्या उभ्या काचेवर जंगल रंगवलेलं, त्यात एक वाघ. राजेंद्रनं ते आणलं तेव्हा डोळे धड होते, शौक म्हणून आणलं. पुढं शिफ्टवरून आला की हातपाय धुवायच्या आधी तो मशीनसमोर उभा राहू लागला. त्याचा स्वतःशी करार होता, छर्रा दिसतोय तोवर नजर आहे.

आणि छर्रा कडेला गेला की नाहीसा व्हायला लागला.

अझहर इथं येतो. छावणी बाजारात त्याचं लायटिंगचं दुकान. लग्नाच्या कमानी, गणपतीचे मंडप, उरुसाची रोषणाई, सगळं त्याच्याकडं. धाकटा भाऊ युसूफ गाडी चालवायचा आणि सामान चढवायचा. अझहर आणि राजेंद्र एका शाळेतले. राजेंद्रनं त्याला बोलावून सांगितलं, "जरा लाईट वाढव याची. लई मिणमिणतं वाटतंय."

"मिणमिणतं?" अझहर म्हणाला. "चांगले पिवळे बल्ब हायेत, जुन्या जमान्याचे. ह्याचीच तर मजा आहे राजूभाऊ."

"मजा राहू दे. पांढरी टाक."

अझहरनं सगळे पिवळे बल्ब काढून पांढरे दिवे बसवले. वाघाच्या डोळ्यांत लाल टाकले, स्वतःच्या हौसेनं. काही दिवस बरं गेलं. मग राजेंद्र म्हणाला, कडेनं पट्टी लाव. काचेच्या आत दोन्ही बाजूंनी पट्टी लागली. मग म्हणाला, वरच्या कोपऱ्यातही. तिथं फळीवर प्लॅस्टिकचा एक छोटा वाघ उभा होता, त्याच्यामागं पट्टी चिकटवली. जागा अरुंद होती, पट्टी थोडी फुगूनच बसली.

"हे मशीन आहे का नवरदेवाची बग्गी?" अझहर हसला.

सुलेखा स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवापुढं झिरोचा बल्ब अन् ह्यांच्या छर्ऱ्याला दिवाळी. भाऊजी, तुम्हीबी त्यांच्याच नादाला लागा."

पैशाचं अझहरनं काढूच दिलं नाही. म्हणाला, "एक गाडी बघितलीय, पांढरी व्हॅन. तुमची नजर एकदा फिरवा तिच्यावर, फिटलं." दोघंही खूश. प्रत्येकाला वाटलं, आपण कमी देऊन जास्त घेतलं.

व्हॅन संध्याकाळी आली. दिवेलागणीची वेळ, लिंबाखाली आधीच काळोख. काकासाहेब खुर्ची टाकून बसले होते. शेती फुलंब्रीला आणि जीभ गल्लीत, असं त्यांचं आहे. राजेंद्रनं पत्र्याला गाल लावला, हात फिरवला, दोन्ही दारं उघडून आपटली, आवाज ऐकला. युसूफ न सांगताच आतून पोतं घेऊन आला.

"राजूभाई, अंथरू?"

राजेंद्रनं त्याच्या हातातल्या पोत्याकडं बघितलं. गाडीखाली मिट्ट अंधार होता. बॅटरी लावली तर ताटलीएवढा गोल दिसला असता आणि बाकी काहीच नाही, हे त्याला त्या वेळी माहीत होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "हातालाच कळतंय. घ्या."

"बघा," काकासाहेब म्हणाले, "आता नजरसाहेबाला बघायचीसुद्धा गरज राहिली नाय. नुसता वास घेतला की झालं."

सगळे हसले. युसूफनं पोतं परत नेलं.

व्हॅननं लग्नाचा हंगाम चांगला काढला. मग एकदा सोयगावकडचं लग्न लावून युसूफ सकाळी परत निघाला. मागं कमानीचे लोखंडी सांगाडे, तो एकटा. फर्दापूर सोडल्यावर एका वळणावर गाडी रस्त्याखाली गेली. दवाखान्यात नेईपर्यंत तो होता, नंतर नव्हता. अझहर गाडी आणायला गेला तेव्हा क्रेनवाल्या मेकॅनिकनं त्याला वाकून दाखवलं. पुढच्या चाकांची दांडी जुनी जोडलेली होती, जोडावर नवा काळा रंग मारलेला होता, आणि ती बरोबर जोडावरच तुटली होती.

अझहर तिथून घरी न जाता राजेंद्रकडं आला. बूट न काढता खोलीच्या दारात उभा राहिला.

"मेकॅनिक म्हणतो, जुना जोड होता. तिथंच तुटली."

राजेंद्र मशीनसमोर बसला होता. मशीन बंद होतं.

"एवढ्या जोरात आपटल्यावर काहीही कुठंही तुटतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "रात्रभर जागा होता ना तो? डोळा लागला असंल."

एवढंच. त्याला वाटलं असेल, एक वाक्य बोललं, निभलं. पण नजरसाहेबाचं वाक्य गल्लीत कधी एकटं राहिलं होतं? संध्याकाळपर्यंत 'असंल' गळून पडलं. युसूफला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मोबाईल आला. मोबाईल बघताबघता झोप लागली. मेकॅनिकचं म्हणणं कुणी मानेना, कारण ते मानलं तर राजेंद्रच्या नजरेतून जोड सुटला असं मानावं लागलं असतं, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांच्या गाड्या त्या नजरेवर उभ्या होत्या. मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलेलं कुणाला भरावं लागत नाही. ते टाकायला सगळे तयार असतात.

युसूफची बायको वहिदा सांगत राहिली की निघताना त्याचा फोन आला होता. मंडपातच पहाटेपर्यंत झोपलो, चहा प्यालो, निघालो, असं म्हणाला होता. भेटायला आलेल्या बायका मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "झोप आवरत नव्हती तर जरा थांबायचं होतं गं त्यानं." त्यात काकासाहेबांच्या घरच्याही होत्या. वहिदा नंतर नंतर सांगायची थांबली.

अझहरही भावावर रागावला. दुपारी निघ म्हणून त्यानं सांगितलं होतं, युसूफनं ऐकलं नव्हतं. मातीला गेला तो गेला, पण नंतर फातेहा वाचायला एकदाही कब्रस्तानात गेला नाही. वहिदाशीही तुटक बोलायला लागला. दुकान हाताखालच्यांवर टाकलं आणि दुपारचा राजेंद्रकडं येऊन बसायला लागला. सुलेखा चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा.

राजेंद्रनं त्याला 'नको येऊस' म्हटलं नाही. 'ये' असंही म्हटलं नाही. एके दिवशी अझहरच म्हणाला, "हाताला काहीतरी काम द्या राजूभाऊ. घरी बसलो की तो दिसतो."

आणि राजेंद्रनं काम दिलं. माणूस किती खाली जातो ते मोजायला माझ्याकडं माप नाही. "छर्रा जिथं चाललाय तिथली लाईट आधीच लागली तर?" तो म्हणाला. "छर्ऱ्याच्या पुढं पुढं पळायला पाहिजे."

अझहरला ते जमण्यासारखं होतं. लग्नाच्या कमानीवर लाईट पळते, तसंच. त्यानं फळी उलटी करून छर्ऱ्याच्या प्रत्येक वाटेवर बारीक भोकं पाडली, त्यांत मुगाच्या दाण्याएवढे उजेड ओळखणारे डोळे बसवले. छर्रा वरून गेला की डोळ्यावर सावली पडते, सावली पडली की खाली एक बारकी 'टिक' होते आणि वाटेतला पुढचा दिवा लागतो. सगळा मार्च त्यात गेला. तारांना डाग देऊन जोडताना अझहर मधेच थांबायचा, तार हातात धरून बसायचा. राजेंद्र शेजारी स्टुलावर. एक भावाला रडायला आलेला, आणि दुसऱ्याला त्याचं कारण माहीत.

"दोन गोष्टी," जोडून झाल्यावर अझहर म्हणाला. "वरच्या झरोक्यातून ऊन येऊ द्यायचं नाही. अन् खेळताना पंखा बंद. सावली छर्ऱ्याची का पंख्याची, ह्याला कळत नाही. कुणाचीबी पडली तरी लाईट पळती." झरोक्यावर त्यानं स्वतः पुठ्ठा ठोकला.

राजेंद्र असा खेळायला लागला की गल्ली बघायला येऊ लागली. दिवा लागला की पातं, टिक वाजली की तयारी. छर्रा तो बघतच नव्हता. पाठ केलेलं म्हणत होता. गुण चढत गेले. काकासाहेब म्हणाले, "ह्या वयात ही नजर. लोक चष्म्यातून ताट शोधतेत." सुलेखा खूश होती. मधे त्याचा पाय उंबऱ्याला, टीपॉयला, मोरीच्या दगडाला ठेचाळायला लागला होता, तिच्या मनात काहीबाही यायचं. आता ती म्हणायची, छर्रा दिसतो तर टीपॉय का दिसणार नाही, लक्षच नसतं ह्यांचं. त्यालाही तेच वाटत असावं. परीक्षा त्यानं स्वतः ठेवली होती, उत्तरं भरायला माणूसही त्यानंच ठेवला होता, आणि निकालावर त्याचा विश्वास बसत चालला होता.

मेमधल्या एका रविवारी काकासाहेबांची सून श्रेया मशीनचा व्हिडिओ काढायला आली. तिचे असले व्हिडिओ बरेच लोक बघतात म्हणे. खोलीत गल्लीतली दहाबारा माणसं, बाहेर रणरणतं ऊन, आत वाफारा. अझहर दाराजवळ पाटावर बसला होता. राजेंद्रनं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"काका, व्हिडिओत अंधार येतोय फार," श्रेया राजेंद्रला म्हणाली. स्टुलावर चढून तिनं झरोक्याचा पुठ्ठा काढला. कलत्या उन्हाचा एक जाड पट्टा सरळ मशीनवर आला. "आता बघा, वाघ कसा चमकतोय."

"अन् पंखा लावा की," काकासाहेब म्हणाले. "का नजरसाहेबाला घामातसुद्धा दिसतं?"

कुणीतरी बटण दाबलं. अझहरला पुठ्ठा दिसला नाही, त्याची पाठ तिकडं होती. पंखा नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून राजेंद्रनं तसाच दट्ट्या ओढून सोडला.

छर्रा वर गेला, टोपीवर एकदा आपटला आणि प्लॅस्टिकच्या वाघामागं, फुगलेल्या पट्टीपाशी जाऊन अडकला. तिथंच राहिला. पंख्याची पाती उन्हातून फिरत होती आणि त्यांच्या सावल्या फळीवरून सपासप धावत होत्या. टिक, टिक. लाईट पळायला लागली. डावीकडून खाली, मधून वर, उजवीकडून खाली.

आणि राजेंद्र खेळत होता. डावं पातं, उजवं पातं, पुन्हा डावं. खांदा झुकवून, जीभ दातात धरून, अगदी वेळेवर. फळी रिकामी होती.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक जण पुढं वाकला. मागच्या काचेवरचे गुणांचे आकडे जिथं होते तिथंच होते. श्रेयाचा मोबाईल चालूच होता.

"आज हात चांगला बसलाय," राजेंद्र म्हणाला, मान न वळवता.

अझहर उठला, माणसांमधून वाट काढत मशीनपाशी आला. रिकाम्या फळीकडं बघितलं. वरच्या कोपऱ्यात अडकलेल्या छर्ऱ्याकडं बघितलं. मग राजेंद्रच्या तोंडाकडं बघितलं. शेवटी भिंतीकडं गेला आणि पंखा बंद केला. सावल्या मंद झाल्या, थांबल्या. लाईट थांबली.

राजेंद्रचे हात थांबले. "गेला वाटतं," तो हसून म्हणाला. "बरा चालला होता डाव."

"राजूभाऊ," अझहर म्हणाला, "छर्रा कुठाय?"

"गेला ना खाली. दोन पात्यांच्या मधून."

"वर अडकलाय. पहिल्या फटक्यालाच."

राजेंद्रनं काचेवर तोंड नेलं. मान इकडून तिकडं फिरवत, भिंग फिरवल्यासारखं, फळीचा एकेक तुकडा बघत वर गेला. त्याला छर्रा सापडायला इतका वेळ लागला की श्रेयानं मोबाईल खाली घेतला.

"अहो, उन्हानं डोळे दिपले असतील," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या दारात राजेंद्रनं पास केलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या.

अझहरनं तिकडं लक्ष दिलं नाही. "गाडी बघितली त्या दिवशी युसूफ पोतं घेऊन आला होता," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्ही नको म्हणले. मला वाटलं, तुम्हाला गरज नाही."

राजेंद्र काचेवर हात ठेवून उभा.

"दिसत होतं का तुम्हाला? एवढं सांगा."

"मधलं दिसत होतं," राजेंद्र म्हणाला. "खाली अंधार होता. अंधारात काही दिसत नाही मला."

"मग बोलायचं."

"बोलायला पाहिजे होतं."

"नंतर तरी. मी आलो होतो, दारात उभा होतो. तुम्ही म्हणले, डोळा लागला असंल. मी त्याच्या कबरीवर गेलो नाही राजूभाऊ. तीन महिने झाले. मी त्याच्यावर रागात होतो."

माणसं दाराकडं सरकायला लागली. आमच्या गल्लीला दुसऱ्याच्या घरातून निघायची इतकी घाई मी कधी पाहिली नव्हती.

सुलेखा मात्र आत आली. मशीनच्या पुढच्या बाजूला नाणी पडायचं एक खोकं असतं, त्याची किल्ली राजेंद्र करगोट्याला बांधायचा. तिनं हात पुढं केला. "किल्ली द्या." त्यानं दिली. तिनं खोकं उघडलं. आत थेंबांच्या बाटल्या होत्या, रिकाम्या आणि भरलेल्या, आणि जालन्याच्या डॉक्टरची चिठ्ठी.

"मला वाटायचं तंबाखू लपवताय," ती म्हणाली. "म्हणलं, कंपनीत एवढं काम करतात, खाऊ दे थोडी. म्हणून मी विचारलं नाही." ती फरशीवरच बसली.

अझहर जाताना दारातून म्हणाला, "वहिदाला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलेखानं राजेंद्रला छावणीत नेलं. वहिदा अंगणात कपडे वाळत घालत होती. सासू अनिसाबी बाजेवर होती. राजेंद्रनं उभ्यानंच सांगितलं. पोत्याचं सांगितलं, अंधाराचं, जालन्याचं, आणि दारात उभ्या अझहरला काय म्हटलं तेही. अनिसाबीनं पदर तोंडावर घेतला. वहिदा हातातलं ओलं कापड तसंच धरून ऐकत होती, पाणी पायावर टपकत होतं.

"म्हणजे ते झोपले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मी सांगत होते सगळ्यांना."

राजेंद्र काहीतरी माफीचं बोलायला लागला. तिनं हात वर केला. तो त्याला दिसला नसावा, कारण तो बोलतच राहिला, मग सुलेखानं त्याची बाही ओढली.

"माफी मला नक्को," वहिदा म्हणाली. "माझ्या घरी येऊन ज्या बायकांनी मला झोपेचं सांगितलं, त्यांच्या दारात जा. एकेकीच्या. जेवढ्या दारात ते गेलंय तेवढ्या दारात. अन् भाभी, तुम्ही नका जाऊ यांच्यासोबत. एकटे जाऊ द्या."

त्यानं त्याच संध्याकाळी सुरुवात केली. कंपनीला डोळ्यांचं कळवणारा अर्ज त्यानं सकाळीच पाठवला होता, त्यामुळं लपवायचं असं काही उरलं नव्हतं, पण काठी अजून घेतली नव्हती. भिंतीला हात लावत, फाटकं मोजत तो येत होता. काकासाहेब घरातच होते, पण आतून सांगण्यात आलं की ते फुलंब्रीला गेलेत. पुढच्या घरातल्यांनी दार उघडलं, ऐकलं आणि "बसा, पाणी घ्या," म्हणाले. तो बसला नाही. ज्यांच्याकडं त्यानं पास केलेल्या गाड्या होत्या, त्यांनी मधेच विचारलं, "मग आमच्या गाडीचं काय?" त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की कोणत्या महिन्यानंतरच्या गाड्या पुन्हा दाखवून घ्या. ते ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते युसूफसाठी आलं नव्हतं. त्या घरांपैकी वहिदाकडं पुढं कुणी गेलं नाही. गाड्या मात्र आठवड्याभरात मेकॅनिककडं गेल्या.

तो माझ्या दाराशी आला तेव्हा उजेड सरला होता. मी दार उघडून उभा होतो. दाराच्या शेजारी खिडकीला पडदा होता, वाऱ्यानं जरा हलत होता. राजेंद्र त्या पडद्यासमोर थांबला, हात जोडले.

"युसूफ झोपला नव्हता," तो पडद्याला म्हणाला. "गाडीला जोड होता. तो पोतं घेऊन आला होता, मी अंथरलं नाही. मला दिसत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. नंतर झोपेचं मीच बोललो."

"मी इकडं आहे, राजूभाऊ," मी म्हणालो.

तो आवाजाच्या दिशेनं वळला, पाय नीट लावून उभा राहिला, आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला लागला.